किल्ल्यातील वाफे आणि परसातील वाफे

घराभोवती चार फुलझाडे असावीत, असे म्हणणारे पुष्कळ असतात. परंतु त्यांना रोज पाणी कोणी घालावयाचे, हा प्रश्न निघाला की मंडळी हळूहळू पांगू लागते. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी नेमके हेच झाले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील आमचा जुना वाडा पाडून नवे घर झाले आणि मागे बारा हात लांब व आठ हात रुंद एवढी जागा उरली. तीत विटांचे तुकडे, चुन्याचे डिखळे आणि कौलांच्या खापऱ्या यांखेरीज काही नव्हते. चिरंजीवांचे मत पडले की, तेथे फरशी घालावी, म्हणजे दुचाक्या ठेवता येतील. सूनबाई म्हणाल्या, “अप्पा, नळाला पाणी येते ते एक दिवसाआड. माणसांना पुरेना, ते झाडांना कोठून घालायचे?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. मजजवळ उत्तर नव्हते. मी गप्प राहिलो.

त्याच आठवड्यात नातवाला भुईकोट किल्ला दाखविण्यास नेले. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात दगडी तटाने बांधून घेतलेला हा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी बारा नेत्यांना येथे आणून ठेवले होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच १९४४ साली लिहिला, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनी आपल्या बागकामाचीही हकीकत दिली आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जमीन निकृष्ट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेली. तरीही हे बंदिवान भर उन्हात तासन् तास खणत आणि फुलांसाठी वाफे तयार करीत. मौलानांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पत्रसंग्रहात कोठडीतील चिमण्यांप्रमाणे तेथील फुलांनाही स्थान मिळाले आहे.

नातवाने विचारले, “आजोबा, ते तर कैदी होते. सुटल्यावर फुले कोण बघणार होते?” मी काही बोललो नाही, मात्र आमच्या परसातला तो राडारोडा डोळ्यांपुढून हलेना.

परतताना शहराच्या आग्नेयेस असलेली फराहबाग पाहिली. निजामशाहीतील हे उद्यान १५८३ साली पूर्ण झाले. मध्यभागी भव्य महाल, त्याभोवती विस्तीर्ण जलाशय, आणि त्यासाठी लांबून खापरी नळांतून आणलेले पाणी! त्या काळी कापूरवाडीसारख्या गावांकडून नगरास अशा नळांनी पाणी येत असे. पुढे राज्य गेले, नळ फुटले, ते सांधणारे हात राहिले नाहीत आणि उद्यान नाहीसे झाले. आम्ही गेलो तेव्हा जलाशयाच्या जागी वाळलेले गवत होते. तेथे माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. बाग पाण्याच्या वैभवावर टिकत नाही. ती रोज तिच्याकडे वळणाऱ्या हातावर टिकते.

घरी येऊन मी एक करार मांडला : बागेला नळाचे पाणी थेंबभरही घ्यावयाचे नाही, न जमल्यास एका वर्षाने खुशाल फरशी घालावी. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत साठवावयाचे. साबणाचे किंवा मिठाचे मात्र त्यात मिसळू द्यावयाचे नाही. दिवसाकाठी दोन बादल्या सहज निघतात, हे पाहून सूनबाईच चकित झाल्या.

पहिल्या वर्षी माझेच चुकले. हौसेने आणलेले तीन गुलाब राडारोड्यातच लावले. पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि झाडे गेली. चुनखडी जमिनीत झाडाला लोह घेता येत नाही, हे मला तेव्हा सुचले नाही. मग दीड हात खोल खणून माती चाळली, चुना वेचून काढला आणि दोन भाग मातीत एक भाग कुजलेले शेणखत मिसळले. गुलाबाचा हट्ट सोडून कण्हेर, सदाफुली, कोरांटी, गुलबक्षी, अबोली अशी थोड्या पाण्यात तग धरणारी झाडे लावली. दोन झाडांमध्ये न भाजता येणारे जुने मडके नव्हे, तर साधे कच्च्या झिलईविना मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले. ते पाझरते तेवढेच पाणी मुळे घेतात. आळ्यांवर पाचोळा पसरला, म्हणजे ओल उडत नाही.

मोगऱ्याला मार्गशीर्षात पाणी तोडून ताण दिला, छाटला आणि माघात खत घातले. चैत्रात परडी भरली. शेवंती मात्र कार्तिक आला तरी कळी धरीना. रात्री मोठ्या झाल्या की तिला कळी येते. आमच्या मागील दाराचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असे. दिवा बंद केला आणि काही आठवड्यांनी ती फुलली.

वर्ष संपले तेव्हा फरशीचा विषय कोणी काढला नाही. मागच्या वैशाखात मी महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो. बाग वाळली असेल, असे धरूनच मी काठी टेकीत मागील दारी गेलो. मडक्यात पाणी होते. नातू शाळेत जाण्यापूर्वी ते भरीत असे आणि चिरंजीव कोणाला न सांगता संध्याकाळची बादली ओतीत असत. शाकुंतलातील नायिका झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी पीत नसे, असे मी चाळीस वर्षे वर्गात शिकविले. त्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. सुटल्यावर फुले कोण बघणार, या नातवाच्या प्रश्नाचे उत्तरही त्यानेच दिले होते.