ताप्तीकाठचा हिस्सा

मे महिन्यात आमच्या मालेगावात दोन गोष्टी हमखास होतात. मोसम नदी आटते आणि चुलतभावाची स्कूल व्हॅन दारात उभी राहते. वर्षभर तो तिच्यातून शाळेची मुले नेतो-आणतो. सुटीत तिला काम नसते. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या मागच्या सीटा काढल्या, गाद्या अंथरल्या, स्टोव्ह, माठ, पिठाचा डबा ठेवला आणि घरच चाकांवर घेऊन बुऱ्हाणपूरला निघालो. परदेशात लोक अशा गाड्यांत राहून महिनोन्‌महिने फिरतात, हे मुलांनी मोबाइलवर पाहिले होते. आमच्या गाडीत त्यांच्यासारखे काही नव्हते. पण आमच्या गाडीत दादी होती.

दादीचे वय ८२. माहेर बुऱ्हाणपूर. १९५७ मध्ये लग्न होऊन ती मालेगावला आली. १९७८ मध्ये तिच्या भावाने, म्हणजे अब्बांच्या मामूंनी, बापाचे घर विकले आणि बहिणीला तिचा हिस्सा दिला नाही. तेव्हापासून दादीने माहेर तोडले. मामू २०२१ मध्ये करोनात गेले, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी आले नाही. या वर्षी मात्र ती एकाएकी म्हणाली, "मुझे एक बार ताप्ती दिखा दो." अब्बा नको म्हणत होते. एवढ्या उन्हात, या वयात कशाला? त्यांचा विरोध उन्हापुरताच आहे, असे आम्हाला वाटले.

आमचे पूर्वज उत्तरेकडचे मोमीन विणकर. १८५७ नंतर तिकडचे अनेक विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे आले. कोणी बुऱ्हाणपुरात थांबले, कोणी धुळ्यात, कोणी मालेगावात, कोणी थेट भिवंडीत. ते ज्या रस्त्याने आले, त्याच रस्त्याने आम्ही धुळ्यापुढे उलटे चाललो होतो. आमची मोसम गिरणेला मिळते आणि गिरणा तापीला. तापीकाठाला लागल्यावर हा प्रवास पाण्याच्याही उलट दिशेचा होता.

पहिला मुक्काम थाळनेरला केला. तापीच्या उंच काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि गावात फारुकी सुलतानांचे मकबरे. १३९९ मध्ये वारलेला मलिक राजा इथेच पुरला आहे. त्याचा मुलगा नसीर खान याने पुढे बुऱ्हाणपूर वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. पैलतीरावरच्या जैनाबादला जैनुद्दीन शिराझींचे. दोघेही संत खुलताबादला विसावले आहेत. आम्ही मुलांना हे सांगत होतो, तर मुले मकबऱ्याच्या सावलीत झोपलेल्या शेळ्या मोजत होती.

पुढे चोपडा, यावल, फैजपूर, रावेर. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. एका बागेच्या मालकाने रात्री गाडी लावायला जागा दिली, वर केळीचा घडही दिला. दादी खिडकीशी बसून होती. तिने केळे हातात धरून ठेवले, खाल्ले नाही.

बुऱ्हाणपुरात आम्ही आधी जामा मशिदीत गेलो. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याच्या काळात, १५९० च्या सुमारास ती पूर्ण झाली. आत अरबी शिलालेख आहे आणि संस्कृतही. संस्कृत लेखाची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्कार करून होते. त्यात संवत आहे, शक आहे, तिथीसुद्धा आहे. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. मराठीच्या तासाला मुले विचारतात, ही भाषा आपली आहे का? त्या भिंतीचा फोटो काढून घेतला. उत्तर म्हणून नव्हे. दाखवायला काहीतरी हवे म्हणून.

पाहण्यासारखे पुष्कळ होते. डोंगरातले पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा पाहिला. खानखाना अब्दुर्रहीमच्या काळातली, १६१५ ची ही योजना. नदीपलीकडचे आहूखानाही पाहिले. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात याच शहरात वारली आणि ताजमहालच्या आधी सहा महिने तिची कबर या बागेत होती. अम्मी एवढेच म्हणाली, "चौदा!" आणि गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी मुमानींकडे गेलो. दोन भाड्याच्या खोल्या. मुमानींनी मावा जिलेबी मागवली. दादीने पाण्यालाही हात लावला नाही. मग मुमानी उठल्या, पत्र्याच्या पेटीतून एक पुडके काढले आणि दादीपुढे ठेवले. मनीऑर्डरच्या अकरा पोचपावत्या. १९७८ आणि १९७९ च्या. बहिणीच्या दारात परका पोस्टमन नको, म्हणून मामूंनी पैसे मेहुण्याच्या नावाने पाठवले होते. प्रत्येक पावतीवर उर्दूत सही. सही आमच्या दादांची.

दादीला वाचता येत नाही. तिने एक पावती आमच्या हातात दिली. आम्ही नाव वाचले. खोलीत कोणी बोलेना. शेवटी अब्बाच म्हणाले, "हम अठारा साल के थे. डाकिया आता था, हमने देखा है." त्या पैशांतून दादांनी दुसरा यंत्रमाग घेतला होता. त्या मागावर आमचे घर चालले, फुफींची लग्ने झाली, आमच्या बी.एड.ची फीसुद्धा त्यातूनच निघाली. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या चर्चेने धास्तावून आम्ही घरातला कागद न् कागद शोधला होता. हा कागद इथे होता.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर दादीने कब्रस्तानात न्यायला सांगितले. आमच्याकडे बायका आत जात नाहीत. ती भिंतीपाशी थांबली, आम्ही आत जाऊन फातिहा पढलो. बाहेर आलो तेव्हा तिने विचारले, "सिरहाना किधर है?" आम्ही हाताने दाखवले. त्या दिशेला तोंड करून ती बराच वेळ उभी राहिली. मग राजघाटावर पाण्यात पाय सोडून बसली, आणि तिथे ती पहिल्यांदा रडली.

परतीच्या वाटेवर ती अब्बांशी बोलली नाही. धुळ्याजवळ तिने एकच प्रश्न विचारला, "तेरी बहनों का क्या किया?"

सीरतच्या जलशांत आम्ही दरवर्षी सांगतो की इस्लामने मुलीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला. लोक माना डोलावतात, आम्हालाही बरे वाटते. दादा वारले तेव्हा घर मात्र अब्बा आणि चाचा यांच्याच नावावर लागले. दोन्ही फुफींना कोणी विचारले नाही, त्यांनीही मागितले नाही. न मागणाऱ्या बहिणीला आमच्यात चांगली बहीण म्हणतात.

जूनमध्ये अब्बांनी दोघींना बोलावले. धाकटी फुफी म्हणाली, "मुझे कुछ नहीं चाहिए, मायका खुला रहे बस." मोठी गप्प राहिली. दादी पलंगावरून म्हणाली, "पहले दे दो. फिर वो चाहे तो लौटा दे."

चाचा अजून तयार नाहीत. घराच्या उताऱ्यावर अजून दोनच नावे आहेत. अकरा पावत्या दादीच्या पानदानात आहेत. चाचा भेटायला आले की ती पानदान उघडून त्यांच्यासमोर ठेवते.