खिशातला सेबेन्झा

आमच्याकडे सुरी ओट्यावर, विळी ओट्याखाली. खिशात चाकू असतो तो सिनेमातल्या गुंडाच्या, आणि तोही खटक्याचा रामपुरी. त्यामुळे चारशे डॉलरच्या आसपासचा घडीचा चाकू घेतल्याचं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "अरे, तेवढ्यात इथे अख्ख्या आळीला विळ्या आल्या असत्या."

तिला काय समजावणार? नोकरीपायी मी आयडाहोतल्या बॉइसीत येऊन पडलो होतो आणि हा चाकू त्याच गावात बनत होता. तो बनवणारा क्रिस रीव्ह मूळचा डर्बनचा टूलमेकर, 1989 मध्ये इथे आला. या चाकूची, सेबेन्झाची, रचना त्याआधीची, 1987ची. उघडलेलं पातं बोटांवर मिटू नये म्हणून घडीच्या चाकूला अडसर लागतो. मायकेल वॉकरने त्यासाठी मुठीच्या आत पातळ पत्र्याची स्प्रिंग बसवली होती. रीव्हने तो पत्राच काढून टाकला आणि टायटेनियमच्या मुठीला लांब चीर दिली. मुठीचाच तुकडा आत सरकून पात्यामागे बसतो. जितकं घट्ट धरावं तितका अडसर पक्का. पुढे ही युक्ती इतक्यांनी उचलली, की आता ती कोणाची हेही बरेच जण विसरलेत.

माझा 'सेबेन्झा 21'. मूळ चाकूला 21 वर्षं झाली म्हणून 2008 मध्ये काढलेला. त्याच्या बिजागरीवर मी भाळलो. इतर चाकूंचा स्क्रू थोडा जास्त पिळला की पातं अडतं, सैल सोडला की डुगडुगतं. इथे स्क्रूभोवती नेमक्या मापाची नळी आहे. स्क्रू दम लावून आवळा, पात्याला पत्ता नसतो. ते फॉस्फर ब्राँझच्या चकत्यांवरून, तूप लावल्यासारखं, सावकाश सरकतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी दिवसभर झटणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

सुरुवातीची वर्षं तो माझ्या खिशातच असे. सफरचंद, तंबूची दोरी, मुलीच्या शाळेच्या प्रकल्पांचे पुठ्ठे. आईची पार्सलं पांढऱ्या कापडात शिवलेली येत. टाके इतके घट्ट, की जणू भाजणी पळून जाणार होती. पात्याचं टोक टाक्याखाली घालायचं, हलकेच उचलायचं. एकेक टाका 'टक्' करून सुटे. विळ्यांचा हिशेब करणाऱ्या बाईचं शिवण उसवायला तोच चाकू कामी येई, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मग मला संग्राहक भेटले. उत्तम माणसं, पण त्यांच्यात बसलं की भाव कळायला लागतात. न वापरलेल्याचा भाव एक, वापरलेल्याचा दुसरा, आणि मालकाने स्वतः धार लावली असेल तर तिसरा. मीही आणखी चाकू घेतले आणि ते ड्रॉवरमध्ये मांडले. सेबेन्झाही त्यांच्या शेजारी गेला. पार्सलं मी कात्रीने फोडू लागलो. तो खरा विकला गेला तो तेव्हाच. पैसे तेवढे परवा मिळाले.

विकताना प्रत्येक खूण सांगावी लागते, हा या व्यवहारातला सभ्यपणा. मुठीवर किल्ल्यांचे ओरखडे. पातं उघडायच्या गुंडीचा निळा रंग एका कडेने उडून खालचा राखाडी धातू दिसतो, कारण अंगठा रोज तिथेच टेकत होता. धार घरी लावलेली. माझ्या हातात जे जे त्याला झालं, ते सगळं 'दोष' या सदरात गेलं. आई असती तर म्हणाली असती, वापरली नाही ती विळी गंजते.

घ्यायला आलेला मुलगा विशी-बाविशीचा. ओरखड्यांकडे त्याने पाहिलंही नाही. याने ट्राउट साफ करता येतील का, एवढंच विचारलं. म्हटलं, बिनधास्त, फक्त नंतर उघडून धुवायचा आणि ग्रीस पुन्हा लावायचं. मी ग्रीसची ट्यूब आणि पाना पुढे केला, ते त्याने घेतले. चाकूच्या मूळ डब्याला मात्र हात लावला नाही. "तो तुम्हीच ठेवा," म्हणाला, आणि चाकू खिशाला अडकवून ट्रककडे निघाला. संग्राहकांत नुसत्या डब्यामुळे किंमत वाढते. मीही ती धरूनच भाव सांगितला होता, आणि त्याने एक डॉलरही कमी करून मागितला नव्हता.