पडदा, भिंती आणि कान

चित्रपटांचे परीक्षक कथेबद्दल आणि नटनटींबद्दल पुष्कळ लिहितात; परंतु ज्या चार भिंतींत चित्रपट पाहिला, त्यांविषयीं अवाक्षर काढीत नाहींत. आमच्या मतें हा भिंतींवर अन्याय आहे.

रुंद पडद्याचेंच उदाहरण घ्या. इ. स. १९५३ मध्यें अमेरिकेंत सिनेमास्कोप आलें आणि १९५९ सालीं 'कागज के फूल' हा आपल्याकडील पहिला सिनेमास्कोप चित्रपट निघाला. पडदा विस्तारला म्हणून जो तो हर्षला. पण जुनीं गृहें बहुधा लांबट नि अरुंद; पडद्याच्या दोहों बाजूंस भिंत उभी. वीस फूट रुंदीच्या पडद्यावर जुन्या प्रमाणाचें चित्र साडेचौदा फूट उंच पडे. स्कोपचें चित्र तेवढ्याच रुंदींत बसवावयाचें म्हणजे उंची साडेआठ फुटांवर येणार! विस्ताराची ऐट मिरविणारें चित्र क्षेत्रफळानें पूर्वीच्या सहा दशांशांहूनही कमी उरलें. मग मागच्या रांगेंत नायिकेचे डोळे दिसावेत कोठून?

कानांचें प्रकरण याहून नाजूक. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्दच कळेनात, म्हणून १८९५ सालीं वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे तें काम आलें. त्यानें जवळच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं वाहून आणल्या, ऑर्गनची नळी वाजविली आणि नाद किती वेळ टिकतो तें मोजलें. रिकाम्या गृहांत तो सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे. गाद्या वाढत गेल्या तसतसा तो लवकर विरे. माणूस हीही अशीच एक गादी होय! दुपारच्या ओस खेळाला घुमणारे संवाद रविवारीं गृह भरलें असतां स्वच्छ ऐकूं येतात, तें यामुळेंच. घुमटाकार छत आवाज एका जागीं गोळा करतें. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती त्याला चेंडूसारखा झेलीत बसतात. फिरत्या तंबूंतील सिनेमाला हा रोग नव्हता. कनातीच्या कापडाला आवाज परत करण्याची संवयच नाहीं.

आमच्या आईला उतारवयांत ऐकूं कमी येऊं लागलें, तेव्हांपासून हें शास्त्र आमच्या घरांत शिरलें. ती अर्धें कानांनीं ऐकते व अर्धें नटाच्या ओठांवरून. एकदां एका लांबलचक गृहाच्या शेवटच्या रांगेंत ती म्हणाली, "अरे, ह्याचे ओठ आधीं मिटतात आणि शब्द मागाहून येतो." तक्रार खरी होती. आवाज सेकंदास सुमारें अकराशें फूट जातो. शंभर फूट मागें बसलेल्यास तो सेकंदाच्या अकराव्या हिश्शानें उशिरां पोंचतो. सेकंदास चोवीस चित्रें धांवतात. म्हणजे शब्द येईतों ओठ दोन चित्रें पुढें गेलेले असतात. धडधाकट कानाच्या माणसाला याचें कांहीं वाटत नाहीं. पण जिचा सगळा भरंवसा ओठांवर, तिची मात्र वाटच चुकते.

हल्लींचीं लहान गृहें तिला मानवलीं आहेत. अंतर कमी, खुर्च्या मऊ, भिंतींना जाड अस्तर. हजार माणसांच्या हंसण्याची लाट तेथें उठत नाहीं, हें आम्हांस सलतें, तिला नाहीं. तिकीट हातीं पडतांच ती आधीं रांगेचें अक्षर पाहते आणि मग विचारते, चित्रपट कोणता आहे?