स्वतः कंपाइल केलं म्हणजे काय केलं?

जेंटू लिनक्स वापरतो म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "तुला वीकेंडला दुसरं काही काम नसतं का रे?" असतं हो! पण तरीही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उबुंटू, फेडोरा वगैरे म्हणजे तयार आटा. कुणीतरी आधीच कंपाइल करून ठेवलेलं, आपण फक्त उतरवून घ्यायचं. जेंटू म्हणजे गहू आणून गिरणीत दळून घेणं. सोर्स कोड येतो आणि आपल्याच मशीनवर कंपाइल होतो. हे काम पोर्टेज करतं, त्याची कल्पना फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सवरून घेतलेली. शिवाय 'यूज फ्लॅग' लावून सांगता येतं, मला ब्लूटूथ नको, प्रिंटिंग नको. मग ते भाग प्रोग्रॅममध्ये शिरतच नाहीत. बदल्यात वेळ द्यायचा. लिबरऑफिस कंपाइलला लावलं की भाजी आणा, जेवा, एक डुलकी काढा, पंख्याची घरघर चालूच. २०२३च्या डिसेंबरपासून जेंटूवरही बरीच तयार पॅकेजेस मिळतात, पण सवय जात नाही!

डॅनियल रॉबिन्स यांनी सुरुवात केली तेव्हा याचं नाव इनॉक होतं. पाण्याखाली सर्वांत वेगाने पोहणारा पेंग्विन जेंटू, म्हणून नंतर हे नाव. १.० आवृत्ती २००२ची. २००४ मध्ये रॉबिन्स बाजूला झाले आणि कारभार स्वयंसेवकांच्या हातात आला. डेव्हलपर्सनी निवडून दिलेलं सात जणांचं काउन्सिल आहे, मालक कंपनी नाही. संस्थापक गेला की घरं मोडतात, हे आजही उभं आहे याचं मला फार कौतुक वाटतं.

तर दळण घरचं, म्हणजे शुद्ध, असा आम्हा मंडळींचा एक छुपा अभिमान असतो. त्याला २९ मार्च २०२४ला चांगलाच टोला बसला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. खणत गेल्यावर सापडलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. तो घालणारा दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावलेला माणूस.

मुद्दा आता येतो. ही भेसळ तयार आट्यात नव्हती, गव्हातच होती! आधीचा कोड टेस्ट फाइल्समध्ये लपवलेला, आणि तो जागा करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नाही, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये. नव्यात नवी आवृत्ती घेणाऱ्या जेंटूवाल्यांकडेही तीच फाइल उतरली. मग ते वाचले कसे? ती स्क्रिप्ट डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचं पॅकेज बनतंय का हे बघून मगच कामाला लागायची, म्हणून. म्हणजे जेंटू वाचलं ते हल्लेखोराचं लक्ष दुसरीकडे होतं म्हणून, आपण दळलं म्हणून नाही. तरीही जेंटूने लगेच जुन्या आवृत्तीवर परत जायला सांगितलं, ते योग्यच केलं.

मग सोर्सचा उपयोग काय? आहे ना! सोर्स हातात होता म्हणूनच एका माणसाला अर्ध्या सेकंदाचा पाठलाग शेवटपर्यंत करता आला. पण दळणं वेगळं आणि निवडणं वेगळं. स्क्रीनवर हजारो ओळी सरसर वर जातात तेव्हा आपल्याला वाटतं आपण सगळं पाहतोय. प्रत्यक्षात पाहतंय कोण? सगळं वाचणं कुणालाच शक्य नाही, मलाही नाही. त्यामुळे आता दर शनिवारी अपडेटमधलं एकच छोटं पॅकेज निवडतो, आणि आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदललं ते चहा घेत वाचतो. अजून काही सापडलेलं नाही. पण असे चारशे जण चारशे वेगळी पॅकेजेस वाचायला लागले तर?

बघा, पटलं तर एखादं पॅकेज तुम्हीही दत्तक घ्या.