ओवीखाली गावाचं नाव

एप्रिल १९९६, माजलगावचं भीमनगर. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींच्या ओव्या ध्वनिफितीवर उतरत होत्या. दळायला बसलं की पहिली ओवी देवाला, ही जुनी रीत. इथे मात्र ती मानाची जागा बुद्धाला, धम्माला, संघाला आणि बाबासाहेबांना मिळाली होती. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. वस्तीतल्या बायकांच्या मनात या काळात केवढी उलथापालथ झाली, ते कुठल्याही सनावळीपेक्षा या ओव्यांतून नेमकं कळतं. चाल आजीचीच राहिली, वंदन मात्र दुसऱ्याला गेलं.

एखाद्या देशाची ओळख करून घ्यायची तर मी आधी त्याचे संग्रह मागतो. एकाच लेखकाच्या पुस्तकात एकाचा अनुभव भेटतो. संग्रहात एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं शेजारी बसतात. पण कोणाला बसवायचं, हे संपादक ठरवतो. परशुरामतात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ १८५४ साली निघालं आणि मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत शिकणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती पडले. मराठी कविता म्हणजे काय, हे या एका पुस्तकाने कित्येक वर्षं ठरवलं. मोठं काम होतं ते. जात्यावरची बाई मात्र त्या पंगतीत नव्हती.

तिला पान वाढलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी. ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या गावांत काम करताना त्यांना ओव्यांचं मोल उमगलं, आणि मग गावोगावच्या ओव्या लिहून घेणं सुरू झालं. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या, लाखाहून अधिक ओव्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल पुढे सोबत आले आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं. ओव्यांची विभागणी विषयवार केली: माहेर, सासर, भाऊ, लेक, पंढरी, पाऊस, भीमराव. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे धन आवाज, मराठी शब्द आणि इंग्रजी अनुवादासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

या संग्रहात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ओव्यांखालची नोंद: कलाकार, गाव, वस्ती, तालुका, जिल्हा. लोकगीतांच्या पुस्तकांत ‘पारंपरिक’ एवढ्या एका शब्दावर बाईची बोळवण होत आली. इथे मोरोपंतांच्या आर्येखाली मोरोपंतांचं नाव असावं, तसं ओवीखाली तिचं नाव आहे. ती कवी आहे, हे त्या दोन-चार शब्दांनी मान्य केलं.

आणि कविता घडते कशी, तेही पाहायला हवं. दोघी समोरासमोर बसतात. खुंट्याला दोघींची मूठ, एकीने मधूनमधून जात्याच्या तोंडात घास घालायचा. एक ओळ सुचते, ती पुन्हा म्हणेपर्यंत दुसरी तयार होते. मध्ये ‘बाई’, ‘गं’ येतात ते श्वासाला जागा करून द्यायला. छापताना हे शब्द गाळले तर ओवी नीटनेटकी दिसते आणि दळण थांबतं. म्हणून ती ऐकावी लागते. ‘माहेर’ला इंग्रजीत ‘आईवडिलांचं घर’ म्हणून भागवता येतं, पण त्या शब्दावर गाणारीचा आवाज कसा रेंगाळतो, ते परदेशातल्या वाचकालाही अनुवादाविना कळतं.

गिरणी आली आणि जाती अंगणात उपडी पडली. ‘पारी’ची माणसं पुन्हा गावोगाव गेली, तेव्हा काही गाणाऱ्या भेटल्या, काहींच्या घरी फक्त लेकी-सुना. बीडच्या बाबतीत माझी आस आणखी एका संग्रहाची आहे. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कोयत्यावर गेलेली बाई कोपीत, फडात, बैलगाडीवर काय गुणगुणते, तेही असंच जमवायला हवं, आणि खाली तिचं नाव, गाव, तालुका लिहायला हवा.