नितळ पाण्यातील विष

आमचे मूळ घर वसईकडचे; परंतु पोटापाण्यासाठी उज्जैनला आलो आणि फ्रीगंजमध्येच स्थायिक झालो. येथे क्षिप्रा आहे, पण समुद्र फार दूर. म्हणून धाकट्या कन्येने समुद्रातील माशांची टाकी मागितली, तेव्हा आम्हां उभयतांना नाही म्हणवले नाही.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राच्या काठीच उभे राहिले. आम्हांस मात्र समुद्र घरीच कालवावा लागला. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही. समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी द्रव्ये त्यात पुरेशी नसतात. मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरांच्या टाकीस ७ किलो लागले. स्पंजाची एक गाळणी बसवली आणि तिसऱ्याच दिवशी क्लाऊनफिश माशांची जोडी आत सोडली. आठवड्याच्या आत दोन्ही मासे गेले.

“बाबा, पाणी तर काचेसारखे होते, मग ते मेले कशाने?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. शोध घेता कळले, की दोष आमच्याच उतावळेपणाचा होता. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. स्पंज स्वतः केवळ कचरा अडवतो. अमोनियाचे आधी नायट्राइट व मग त्याहून सौम्य असे नायट्रेट करणारे जिवाणू त्यावर वस्तीला यावे लागतात, आणि त्यांस महिना-दीड महिना लागतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही दिव्यांची हौस बाजूला ठेवून ते पैसे स्किमरवर घातले. वाऱ्या-वादळात किनाऱ्यावर साचणारा पिवळट फेस वाचकांनी पाहिलाच असेल. स्किमरचे काम त्याच तत्त्वावर चालते. तो पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतो. विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांस चिकटून फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमते, म्हणजे सडून अमोनिया होण्यापूर्वीच बाहेर पडते. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होऊन चटकन फुटतात, म्हणून हे यंत्र खाऱ्या पाण्यातच नीट चालते. टाकीच्या लिटरांना पुरेल असा आणि पेला सहज काढून धुता येईल असा स्किमर आम्ही निवडला.

बंद डब्याचा मोठा फिल्टर मात्र घेतला नाही. वीज बराच वेळ गेली, तर त्याच्या आतील प्राणवायू संपून जिवाणूच मरतात. शिवाय येथील उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. त्यापेक्षा साधा स्पंज आणि विजेविना चालणारा बॅटरीचा हवापंप बरा. स्पंज धुवायचा तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारते. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याने घालावी, कारण मीठ उडत नाही.

मासा न सोडता दीड महिना आम्ही रोज चिमूटभर अन्न टाकीत टाकले. तपासणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हाच नवी जोडी आणली. तिला आता वर्ष झाले.

दर शनिवारी कन्या स्किमरचा पेला रिकामा करते. त्यात तपकिरी, उग्र दर्पाचे पाणी असते. पहिल्यांदा ते पाहून ती म्हणाली, “एवढी घाण त्या स्वच्छ पाण्यात होती?” होय, होती. म्हणून अशी टाकी ठेवू इच्छिणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे, की गाळणी आधी घ्या, तिला वेळ द्या आणि मासा सर्वांत शेवटी आणा.