पाइप रिकामा असतो तेव्हा

चोवीस तास पाणी ही चैन आहे, असं मी अनेक वर्षं ठासून सांगत आले. डोंबिवलीला लागून असलेल्या सत्तावीस गावांतल्या बायका हंडा मोर्चे काढतात, ठाण्याच्या हद्दीतल्या दिव्यात लोक टँकरच्या मागे धावतात, आणि आपण म्हणायचं की आमचा नळ रात्री तीनलाही सुटला पाहिजे? त्यात २००६-०७च्या सुमारास मुंबईच्या के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरीकडे, जागतिक बँकेच्या पुढाकाराने पाण्याच्या खासगीकरणाची चर्चा सुरू झाली. मग तर माझं मत पक्कंच झालं. चोवीस तास पाणी म्हणजे मीटर, मीटर म्हणजे कंपनी, कंपनी म्हणजे बिलं. त्यापेक्षा ठरल्या वेळी दोन तास येतंय ते भरून ठेवावं आणि पुरवून वापरावं. यात काटकसर आहे आणि न्यायही आहे.

न्यायाचं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. काटकसरीचं सोडलं. आणि एक गोष्ट तेव्हा माझ्या हिशेबातच नव्हती: उरलेले बावीस तास त्या पाइपात काय असतं?

पाणी गेल्यावर थेट लाइनवरचा तळमजल्याचा नळ उघडा राहिला की तो फुसफुसतो. तोंडाशी तळहात धरला तर ओढ लागते. लहानपणी आम्हाला तो खेळ वाटायचा. लाइनमधलं पाणी सखल भागाकडे उतरत जातं, मागे पोकळी होते आणि ती मिळेल ते आत ओढते. हवा ओढली तर नशीब. नळाला लावलेली नळी बादलीत बुडालेली असेल तर बादलीतलं साबणाचं पाणी जातं. संडासातला जेट भांड्यात लोंबकळत असेल तर काय जातं, ते सांगायला नको. आणि जमिनीखाली एखादा सांधा सुटला असेल तर त्याच्या भोवती जे साचलंय ते. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या चाळींच्या बाजूने कधी चालत गेलात तर खाली बघा. अर्ध्या इंची पाइपांचा जुडगा गटाराच्या कडेने, कुठे कुठे गटारातूनच गेलेला दिसतो.

पंक्चर झालेल्या सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरली की बुडबुडे बाहेर येतात, पाणी आत जात नाही. जलवाहिनीचंही तसंच. गळती चोवीस तासांच्या पुरवठ्यातही असते. पण आत दाब आहे तोवर पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. दाब गेला की दिशा बदलते.

आम्ही डोंबिवलीकर पाण्याचा संशय घेतो तो कारखान्यांवरून. जानेवारी २०१४मध्ये इथे हिरवा पाऊस पडला होता, तेव्हा संशयाला जागा आहेच. पण उल्हास नदीचं पाणी मोहिली, बारावे, नेतिवलीच्या केंद्रांत शुद्ध होऊन निघतं, त्यानंतरचा प्रवास कुणी डोळ्यांसमोर आणत नाही. मीही आणला नव्हता. माझं मत हललं ते हुबळी-धारवाडमुळे. तिथे काही प्रभागांत चोवीस तास पुरवठा सुरू झाला, बाकी शहरात काही दिवसांआड पाणी येत राहिलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या एमिली कम्पेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. नमुने एकाच शहरातले, तरी मैलादूषित पाण्याची खूण सांगणारे जिवाणू खंडित पुरवठ्याच्या नळांत कितीतरी जास्त वेळा सापडले. पुरवठा सुरू होतानाचं पहिलं पाणी आणि कमी दाबाचं पाणी जास्त वाईट. माझ्या सासूबाई पहिलं पाणी मोरीत सोडायच्या आणि मी नासाडी म्हणून कुरकुरायचे. त्यांनी हा अभ्यास वाचलेला नव्हता.

मग क्लोरिन कशाला असतं? नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. एवढंसं क्लोरिन किरकोळ चुकार जंतूंसाठी ठीक. गटाराचा लोट आत आला की ते तिथल्या तिथे संपतं.

यातली खरी फसवी गोष्ट म्हणजे आजार उशिरा येतो. दूषित पाण्याची कावीळ दिसायला अनेकदा महिना लागतो. १९५५च्या अखेरीस दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. नाल्याचं पाणी उलटं वाहून यमुनेतल्या उपशाच्या जागेपर्यंत आलं होतं, ते काही आठवडे आधीच. आपल्याकडे शटडाउन होतं, दुसऱ्या दिवशी ‘कमी दाबाने पाणी येईल, उकळून प्यावे’ असा निरोप फिरतो, आणि महिन्याने कुणाचे डोळे पिवळे झाले की आपण पाणीपुरीवाल्याला शिव्या देतो.

काटकसरीचं म्हणाल तर, पाणी आलं की ‘शिळं’ म्हणून कालचं ओतून देणारी घरं मला डझनभर माहीत आहेत. नळ उघडा ठेवून झोपणारीही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, आणि ते कुठल्या बहुराष्ट्रीय कंपनीने नव्हे, नगरपंचायतीने करून दाखवलं. नागपूरमध्ये मात्र खासगी कंपनीमार्फत हेच करताना बिलांवरून बरंच रण माजलं. त्यामुळे कंपनीबद्दलची माझी शंका जागच्या जागी आहे. चोवीस तासांबद्दलची गेली.

ते होईल तेव्हा होईल. तोवर इमारतीच्या हातात एक सोपी गोष्ट आहे. आमच्या प्लंबरने खालच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं, ‘‘ताई, पाणी पडल्याचा आवाज होतो म्हणून लोक पाइप तळापर्यंत नेतात. मग लाइन सुकली की टाकीतलं पाणी परत रस्त्याला.’’ येणाऱ्या पाइपचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा वर हवं. मधलं अंतर पाइपच्या व्यासाच्या दुप्पट, आणि काही झालं तरी एक इंचाहून कमी नाही. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवता येतो, पण त्यात खडा अडकला की तो उघडाच राहतो. हवेच्या अंतरात बिघडण्यासारखं काहीच नाही.

पाइप कापायला सोसायटीच्या सभेत कुणाची हरकत नव्हती. वाद झाला तो पंपाचा. मेन लाइनवर थेट पंप लावणं नियमात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आधीच क्षीण असलेल्या लाइनला पंप लागला की दाब शून्याखाली जातो आणि शेजारच्या गटाराचंही पाणी ओढलं जातं, हे मी समजावून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘‘आपण काढला तरी पलीकडच्या बिल्डिंगचा चालूच राहणार. मग आपल्याला पाणीही नाही आणि गटारही त्यांनी ओढलेलं.’’ मी पंप काढण्याच्या बाजूने हात वर केला. त्यांच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नव्हतं. पलीकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी पत्र दिलंय. त्यांची सभा गणपतीनंतर आहे.